वर यंत्रानं, खाली पायानं: वेलिंग्टन पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

भारतातून न्यूझीलंडला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या कागदावर वेलिंग्टनच्या वाट्याला अर्धा दिवस असतो. ऑकलंडहून खाली उतरायचं, मोठं संग्रहालय उरकायचं, रात्री झोपायचं आणि सकाळची बोट पकडून दक्षिण बेटावर जायचं. मी इथे नऊ वर्षं राहते आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा कागद बदलायला लावते. दोन पूर्ण दिवस द्याच, जमलं तर तीन. शहर लहान आहे, मधला भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालून होतो. पण हे अंतर फक्त सपाटीवरचं. सपाटी संपली की लगेच चढ लागतो. नकाशावर चारशे मीटर दिसणाऱ्या ठिकाणी जायला कधी दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून एक नियम पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा: वर जाताना यंत्र वापरा, खाली येताना पाय. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी याच नियमावर तिनं तीन दिवसांत सगळं शहर पाहिलं.

येण्याआधी

न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट थंडी. उन्हाळ्यातही पारा विशीच्या आसपासच असतो, पण ऊन फार कडक लागतं. आपला रंग सावळा आहे, आपल्याला काही होत नाही, या भरवशावर राहू नका. सनस्क्रीन लावाच. घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे, आणि इथल्या उन्हाळ्यात साडेसात. घरी फोन करायच्या वेळा त्याप्रमाणे ठरवा.

आता बॅग. छत्री आणू नका. उत्तर आणि दक्षिण बेटांच्या मध्ये कुक सामुद्रधुनी आहे. दोन्हीकडच्या डोंगरांमुळे पश्चिमेकडून येणारा वारा या फटीत दाबला जातो आणि जोर धरून शहरावर येतो. छत्री पहिल्याच चौकात उलटते. टोपी असलेलं, वारा अडवणारं जाकीट हवं आणि आत दोन-तीन पातळ थर. अंटार्क्टिकाच्या बाजूनं दक्षिणेचा वारा सुटला, ज्याला इथे ‘सदर्ली’ म्हणतात, की तासाभरात तापमान धाडकन उतरतं. भर जानेवारीतही स्वेटर शोधावा लागतो.

खाण्याच्या वस्तूंबद्दल नीट वाचा, कारण इथेच आपले लोक सर्वांत जास्त अडकतात. विमानतळावर उतरण्याआधी जे प्रवासी घोषणापत्र भरायचं असतं, त्यात लाडू, चिवडा, लोणचं, मसाले, तूप, बिया, हार-फुलं, जे काही असेल ते सगळं लिहा. लिहिलं तर फार तर अधिकारी एखादी वस्तू काढून घेतील. लपवलं, किंवा नुसतं विसरलं, तरी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं असेल तर तेही यात येतं. सह्याद्रीत घातलेले ट्रेकचे बूट आणणार असाल तर तळव्यातली माती ब्रशनं पूर्ण काढा. तेही तपासतात. यात कुणाचा छळ करायचा हेतू नाही. या देशातले कितीतरी पक्षी, झाडं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत आणि बाहेरची एक कीड त्यांना संपवायला पुरते. ते कसं, हे तुम्हाला तिसऱ्या दिवशी जंगलात गेल्यावर कळेल.

उतरल्यावर

विमानतळ शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. एअरपोर्ट एक्स्प्रेस बस थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. ‘स्नॅपर’ नावाचं कार्ड घ्या. बसमध्ये ते चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्त भाडं कापलं जातं. केबल कारलाही, म्हणजे दोरानं ओढल्या जाणाऱ्या रुळावरच्या गाडीलाही, हेच कार्ड चालतं. बसमधून उतरताना चालकाला ‘थँक यू’ म्हणायची इथे पद्धत आहे, मागच्या दारानं उतरणारेही जोरात म्हणतात. तुम्हीही म्हणा.

हॉटेल शक्यतो लॅम्ब्टन की, क्युबा स्ट्रीट किंवा कोर्टनी प्लेस यांच्या आसपास घ्या. हा सगळा सपाट भाग. घर भाड्यानं घेणार असाल तर मालकाला एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? इथे शेकडो घरांना रस्त्यापासून वर जायला स्वतःची छोटी खासगी केबल कार आहे. यावरून काय ते समजा.

नळाचं पाणी थेट प्यायला चालतं. टिप द्यायची पद्धत नाही. कॅफे दुपारी तीनच्या सुमाराला आवरायला लागतात आणि जेवणाच्या जागांची स्वयंपाकघरंही आपल्यापेक्षा लवकर बंद होतात. नऊ वाजता निवांत जेवायला निघायची सवय असेल तर उपाशी झोपाल.

पहिला दिवस: केबल कारनं वर, बागेतून खाली

सकाळी लॅम्ब्टन की या मुख्य रस्त्यावर या. चालताना पायाखाली बघा. फुटपाथवर छोट्या फलकांनी १८४० सालचा किनारा दाखवलेला आहे. आज जिथे बँका आणि कपड्यांची दुकानं आहेत, तिथे तेव्हा लाटा येत होत्या. ‘की’ म्हणजे धक्का. नाव राहिलं, समुद्र तीन गल्ल्या पलीकडे गेला. काही भाग माणसांनी भराव घालून मिळवला आणि काही जमीन भूकंपानं वर उचलून दिली. २३ जानेवारी १८५५ च्या रात्री इथे झालेला भूकंप ८.२ तीव्रतेचा मानतात. हा भूकंप डोक्यात ठेवा, तीन दिवस तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

या रस्त्याच्या एका बोळात लाल केबल कारचं स्थानक आहे. १९०२ साली ती सुरू झाली. सुमारे ६१२ मीटरच्या रुळावर ती १२० मीटर चढते, पाचेक मिनिटांत, मध्ये रंगीत दिव्यांच्या बोगद्यांतून. तिकीट फक्त वर जायचं काढा. उतरायचं वेगळ्या वाटेनं आहे. वर पोचल्यावर बंदर समोर पसरलेलं दिसतं. त्याचं माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव ‘ते व्हांगानुई-आ-तारा’, म्हणजे तारा नावाच्या माणसाचं मोठं बंदर. स्थानकालगतच्या छोट्या केबल कार संग्रहालयात जुने डबे आहेत. प्रवेश फुकट, दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

तिथूनच वनस्पती उद्यान सुरू होतं. १८६८ पासूनची ही बाग २५ हेक्टरची आहे आणि पूर्ण उतारावर आहे. ‘सिटी’ असं लिहिलेल्या पाट्यांच्या मागे खाली खाली येत राहा. आईला घेऊन मी हे तासाभरात करते, मध्ये तीन बाकांवर बसून. खाली गुलाबांची गोल बाग लागते. नोव्हेंबर ते एप्रिल ती बहरलेली असते. शेजारी काचेचं बेगोनिया हाउस आहे.

गुलाबबाग झाली की बहुतेक लोक बस पकडतात. तसं करू नका. पलीकडे बोल्टन स्ट्रीटची जुनी दफनभूमी आहे, तिच्यातून चाला. शहरातले पहिले वसाहतकार इथे पुरलेले आहेत. १९६० च्या दशकात महामार्गासाठी या दफनभूमीचे दोन तुकडे केले आणि सुमारे ३७०० कबरी हलवल्या. आज एक पूल त्या महामार्गावरून तुम्हाला पलीकडे नेतो. एका बाजूला शेवाळलेले दगड आणि झाडी, खाली धावणाऱ्या गाड्या. मला या शहरातली ही पाच मिनिटांची वाट सर्वांत जवळची वाटते.

पूल उतरलात की तुम्ही संसदेपाशी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल इमारत दिसेल, तिला सगळे ‘बीहाइव्ह’च म्हणतात. कल्पना ब्रिटिश वास्तुविशारद बेझिल स्पेन्स यांची. आत मंत्र्यांची कार्यालयं. संसदेची मार्गदर्शित फेरी फुकट असते, पण आधी नोंदणी करा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. वेलिंग्टन राजधानी झालं १८६५ मध्ये. त्याआधी ती ऑकलंडला होती. देशाच्या मध्यावरचं बंदर म्हणून ती इथे आणली.

समोरच जुनी सरकारी कचेरी आहे, १८७६ ची. लांबून दगडी वाटते. जवळ जाऊन हात लावा, लाकूड आहे. भूकंपात विटांची घरं कोसळल्यावर इथल्या लोकांनी लाकडाकडे मोर्चा वळवला. मात्र सरकारी इमारत भारदस्त तर दिसली पाहिजे, म्हणून लाकडालाच दगडाचा आकार दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींत ती गणली जाते. आता तिथे विधी महाविद्यालय आहे. जवळच १८६६ चं ओल्ड सेंट पॉल्स चर्च, तेही पूर्ण देशी लाकडाचं. आतलं छत उलट्या जहाजाच्या पोटासारखं आहे. दुपारच्या उन्हात ते लाकूड मधाच्या रंगाचं होतं, तेव्हा दहा मिनिटं नुसतं बसा.

दोन्हींच्या मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि तिथलं ‘हे तोहू’ हे दालन चुकवू नका. फुकट आहे, शांत आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. अंधाऱ्या लाकडी खोलीत तीन मूळ कागद ठेवले आहेत: १८३५ चं माओरी प्रमुखांचं स्वातंत्र्याचं घोषणापत्र, १८४० चा माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला वाइतांगी करार आणि १८९३ चा स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज. करार उंदरांनी कुरतडलेला आहे, तो तसाच दिसतो. स्त्रियांच्या अर्जावरच्या सह्या वाचत उभी राहिले की मला वेळेचं भान राहत नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडनं स्त्रियांना मताचा हक्क दिला, असं करणारा तो पहिला स्वशासित देश.

परतताना रेल्वे स्टेशनसमोर गांधीजींचा पुतळा आहे. भारत सरकारनं भेट दिलेला, २००७ मध्ये बसवलेला. घाईनं गाडी पकडणाऱ्या माणसांच्या मध्ये आपले बापू काठी घेऊन चालत असतात. पाहुण्यांचा पहिला दिवस मी इथेच संपवते.

दुसरा दिवस: पाण्याकाठी

हा दिवस पावसासाठी राखून ठेवा. म्हणजे हवा बघा आणि जो दिवस वाईट असेल तो ‘दुसरा’ करा. कारण अर्धा वेळ छताखाली जाणार आहे.

ते पापा तोंगारेवा हे राष्ट्रीय संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. सहा मजले. इथे राहणाऱ्यांना प्रवेश फुकट, परदेशी पाहुण्यांना सप्टेंबर २०२४ पासून १६ वर्षांवरील माणशी ३५ डॉलर. पैसे वसूल होतात, फक्त सगळं बघायचा हट्ट धरू नका. माझा क्रम असा: सकाळी दहाला उघडल्या उघडल्या थेट गॅलिपोलीच्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या लढाईच्या, दालनात जा, कारण अकरानंतर तिथे रांग लागते. पहिल्या महायुद्धातल्या आठ खऱ्या माणसांच्या, मूळ आकाराच्या २.४ पट मोठ्या आकृत्या तिथे आहेत. चित्रपटांसाठी काम करणाऱ्या वेटा वर्कशॉप या इथल्या कंपनीनं त्या केल्या आहेत, हातावरच्या केसापर्यंत. एक परिचारिका पत्र हातात धरून रडते आहे. माझे बाबा तिच्यासमोर कितीतरी वेळ उभे होते, बाहेर आल्यावरही बोलले नाहीत. लहान मुलं सोबत असतील तर आधी स्वतः डोकावून घ्या.

मग भूकंपाचं घर, जिथे जमीन हलते. मग ती अजस्र माखली, कलॉसल स्क्विड, २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात सापडलेली, पकडली तेव्हा सुमारे ४९५ किलो. मग वर मराए, म्हणजे माओरींची सभेची जागा. तिथे पाटीवर सांगितलं असेल तर चपला बाहेर काढा, आपल्याला ते सांगायला लागत नाही. ते पापा भरावाच्या जमिनीवर उभं आहे आणि सगळी इमारत शिसं आणि रबराच्या ठोकळ्यांवर ठेवलेली आहे. जमीन हादरली की ठोकळे हलतात, इमारत कमी हलते. ही युक्ती न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात काढली.

रविवार असेल तर ते पापाच्या शेजारच्या पटांगणात सकाळी भाजीबाजार भरतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या दिसल्या की परदेशात असल्याचं विसरायला होतं. इथल्या जुन्या गुजराती कुटुंबांनी गेल्या शतकात शहरभर फळं-भाज्यांची दुकानं चालवली. वेलिंग्टनमध्ये भारतीयांची ओळख त्या दुकानांनी घडवली.

दुपारी पाणी डावीकडे ठेवून चालत सुटा. वीस मिनिटांत ओरिएंटल बे. शहरातला पोहण्याचा किनारा, पण वाळू इथली नव्हे, दक्षिण बेटाच्या गोल्डन बेहून बार्जनं आणलेली. पाणी उन्हाळ्यातही थंडगार. माझ्या मते इथे पोहण्यापेक्षा आइस्क्रीम घेऊन बसावं.

मागे माउंट व्हिक्टोरिया, माओरी नाव माताइरांगी, उंची १९६ मीटर. पुन्हा तोच नियम: टॅक्सीनं वर, पायवाटेनं खाली. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. डिसेंबर अखेरीला सूर्य नवाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पाचलाच. वरून एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला विमानतळाची धावपट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना समुद्र. वाऱ्याच्या दिवशी उतरणारी विमानं डोलताना पाहिली की आपण कसे उतरलो ते कळतं. अंधार पडायला लागला तर पायवाटेचा मोह सोडा आणि टॅक्सीनंच खाली या.

रात्रीचं जेवण क्युबा स्ट्रीटवर. १८४० मध्ये आलेल्या ‘क्युबा’ नावाच्या जहाजावरून हे नाव पडलं, देशाशी संबंध नाही. रस्त्याच्या मध्यावर बादल्यांचं कारंजं आहे, १९६९ पासूनचं. बादल्या भरतात, कलंडतात, बाजूच्या माणसांवर पाणी उडवतात. शाकाहारी मंडळींची इथे आबाळ होत नाही. मलेशियन खानावळी भरपूर आहेत, तिथली रोटी आणि डाळ आपल्या जिभेला लगेच पटते. कॉफीत ‘फ्लॅट व्हाइट’ घ्या. ती आमचीच, असं वेलिंग्टनवाले सांगतात, ऑस्ट्रेलियावाले वाद घालतात.

तिसरा दिवस: कुंपणातलं जंगल किंवा दक्षिणेचा समुद्र

दोन्हींतून एकच निवडायचं असेल तर झीलँडिया निवडा. शहराच्या मध्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर, दोन जुन्या धरणांच्या खोऱ्यात २२५ हेक्टरचं हे जंगल आहे. भोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण, १९९९ मध्ये पूर्ण झालेलं, उंदीरसुद्धा आत शिरू नये इतक्या बारीक जाळीचं. माणूस यायच्या आधी या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे पक्ष्यांना पळायची गरजच पडली नाही, काही उडायचंही विसरले. मग उंदीर, मुंगूसासारखे स्टोट, मांजरं आली आणि एकेक जात संपत गेली. प्रवेशाशी तुमची पिशवी उघडून पाहायला सांगतात, कारण एखादा उंदीर तिच्यातून आत जाऊ शकतो. विमानतळावरच्या त्या कडक तपासणीचं उत्तर इथे मिळतं.

आत ‘काका’ नावाचा तपकिरी पोपट दिसेल. तो वेलिंग्टनमधून नाहीसा झाला होता. २००२ पासून इथे पुन्हा सोडला आणि आता कुंपण ओलांडून शहरभर फिरतो, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतही येतो. त्याला खायला घालू नका, आपल्या बदाम-ब्रेडनं त्याच्या पिल्लांची हाडं कमकुवत होतात. पांढरा गळपट्टा मिरवणारा तुई ऐका, एकाच गाण्यात बासरी आणि दाराची करकर दोन्ही. उन्हाच्या दिवशी वाटेच्या कडेला तुआतारा बसलेला असतो. सरड्यासारखा दिसतो, पण तो सरडा नाही. त्याचे बाकीचे सगळे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपले. खरा किवी पाहायचा असेल तर लाल दिव्यांची रात्रीची फेरी असते, तिचं आरक्षण आठवडाभर आधी करा. तळ्याकाठची वाट सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. शहरातून झीलँडियाची स्वतःची गाडी असते. तिच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा.

वेळ उरला, आणि क्रिकेटचं वेड असेल, तर १ नंबरची बस दक्षिणेला आयलंड बेला जाते. वाटेत बेसिन रिझर्व्हला उतरा. हे मैदान म्हणजे गाड्यांच्या वाहत्या वर्तुळाच्या मधोमध हिरवं बेट. सामना नसेल तर आतून सहज चालत जाता येतं. मूळ आराखड्यात इथे जहाजांसाठी गोदी होणार होती. १८५५ च्या त्याच भूकंपानं तळं वर उचललं आणि गोदीऐवजी क्रिकेट आलं. १९६८ मध्ये भारतानं परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली, त्यातला एक विजय इथला. अजित वाडेकरांनी इथेच १४३ धावा केल्या, त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक. दुसऱ्या डावात बापू नाडकर्णींनी ४३ धावांत ६ बळी घेतले. २०१४ मध्ये अजिंक्य रहाणेचं पहिलं कसोटी शतकही याच मैदानावर झालं. बाबांनी इथे गवताला हात लावला आणि मुंबईला त्यांच्या मित्राला फोन केला, तिथे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते.

पुढे आयलंड बेच्या रस्त्यांवर निळ्या रेषा आखलेल्या दिसतील. त्सुनामीत पाणी कुठवर येऊ शकतं, त्याची ती खूण. जमीन जोरात हलली तर आधी खाली बसा, डोकं झाका, टेबलाखाली धरून राहा. हादरा मोठा किंवा मिनिटभरापेक्षा लांबलेला असेल तर भोंग्याची वाट न पाहता लगेच चालत निळ्या रेषेच्या पलीकडे, उंचावर जा. मुलांना हे खेळासारखं समजावून ठेवा.

बोट पकडताना

दक्षिण बेटाची बोट पिक्टनला साडेतीन तासांत पोचते. वाऱ्यामुळे फेऱ्या लांबतात किंवा रद्द होतात, म्हणून त्याच संध्याकाळचं पुढचं हॉटेल परत न मिळणाऱ्या पैशांत घेऊ नका. निघाल्यावर आत बसू नका, बाहेर डेकवर डाव्या हाताला उभे राहा. आधी मातिउ बेट लागेल, जिथे पूर्वी आजारी प्रवाशांना वेगळं ठेवत. बंदराच्या तोंडाशी डोंगरावर पांढरं पेनकॅरो दीपगृह दिसेल, १८५९ चं, देशातलं पहिलं. त्याची पहिली रखवालदार मेरी जेन बेनेट, मुलांना सांभाळत हा दिवा पेटता ठेवणारी, न्यूझीलंडच्या इतिहासातली एकमेव स्त्री दीपगृह-रखवालदार. दीपगृह मागे पडलं की उघडा समुद्र आणि बोट डोलायला लागते. उलटीची गोळी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, धक्क्यावरच घेऊन ठेवा.